पेर्ना रफूवाली आणि तिची जाऊ

रोमच्या गेट्टोत, ज्यूंच्या त्या कोंडलेल्या वस्तीत, पेर्नासारखा रफू करणारी दुसरी बाई नव्हती, आणि ही गोष्ट सगळ्यात आधी पेर्नालाच ठाऊक होती. पोपच्या राज्यात ज्यूंना जुन्या कपड्यांखेरीज दुसरा धंदा करायला मनाई होती. त्यामुळे सरदार घराण्यांतले जळके, फाटके, उंदरांनी कुरतडलेले अंगरखे नदीकाठच्या त्या अरुंद गल्ल्यांत येऊन पडायचे. पेर्ना उजेडाला उंबऱ्यावर बसायची, त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागा काढायची आणि भोक असं बुजवायची की खुद्द मालकालाही जागा दाखवता येऊ नये.

तिच्या धाकट्या जावेचे, रिक्काचे, टाके मात्र दुरून दिसायचे.

"रिक्काचा टाका आणि रिक्काचा आवाज," पेर्ना म्हणायची, "दोन्ही गल्लीच्या टोकापर्यंत पोचतात."

यावर रिक्काच सगळ्यांत मोठ्याने हसायची. पेर्नाला खुपायचं ते हेच. टोमणा मारावा आणि तो लागूच नये! सासू होती तोवर सासूची लाडकी रिक्का. आर्टिचोकचे कळे तळताना करपवले तरी बोटं चाटून खाल्ले जायचे ते रिक्काचे. पेर्नाला मूल व्हायला सात वर्षं लागली, सतराशे उपास झाले, आणि रिक्का लग्नाच्या अकराव्या महिन्यात बाळंत झाली, तीही अशी, की दुपारी कळा सुरू झाल्या आणि संध्याकाळी उठून बसली. पेर्नाची दियामांते आणि रिक्काची कोलोम्बा यांच्यात पुरतं एक वर्षाचंही अंतर नव्हतं. पेर्नाचा नवरा साबातो आणि रिक्काचा नवरा व्हिताले हे सख्खे भाऊ. थोरला वरच्या खोलीत, धाकटा खालच्या, मधे जिना, आणि चूल दोघांत एक.

शब्बाथला घरात विस्तव पेटवायचा नाही, म्हणून शनिवारी सकाळी नदीपलीकडची मेनिका नावाची ख्रिस्ती धोबीण येऊन चूल पेटवून जायची. बाई गरीब, बडबडी, पोरांवर जीव टाकणारी. तिची स्वतःची तीन दगावली होती.

एका हिवाळ्यात दोन्ही पोरींना गोवर निघाला. दियामांते दोन वर्षांची, कोलोम्बा एकाची. दियामांतेचा ताप जरा उतरला त्या शनिवारी रिक्का वर आली.

"जाऊबाई, दियामांतेची ती लोकरीची टोपी द्या ना. माझीच्या कानाला वारं लागतंय."

"तुझ्याकडे टोपी नाही?"

"आहे, पण अशी ऊबदार नाही हो. तुमच्या हातची कुठे आणि माझ्या हातची कुठे!"

साबातो बघत होता, म्हणून पेर्नाने टोपी दिली. नाहीतर दिली नसती. त्या दुपारी थोडा वेळ दोघी जावा अंगणातल्या विहिरीवर गेल्या आणि मदतीला थांबलेली मेनिका दोन्ही पोरींपाशी बसली. पोरी बऱ्या झाल्या. गोष्ट तिथेच मिटली असं सगळ्यांना वाटलं.

दोन वर्षांनी, वल्हांडणाच्या सणाला आठवडा असताना, भर सकाळी एक बंद गाडी गेट्टोच्या दारातून आत आली. बरोबर सहा शिपाई आणि एक अंमलदार. अंमलदाराने जिन्याखाली उभं राहून कागद वाचला : साबातोची मुलगी दियामांते, व्हितालेची मुलगी कोलोम्बा. दोघींचा बाप्तिस्मा झाल्याचं उघडकीस आलं आहे.

मेनिका आजारी पडली होती. मरते की काय या भीतीने तिने पाद्र्याजवळ बोलून टाकलं होतं, की गोवराच्या वेळी पोरी मरगळून पडल्या होत्या, आता जगत नाहीत असं वाटलं, म्हणून आपण वाटीतलं पाणी त्यांच्या डोक्यावर घातलं आणि वचन म्हटलं. निदान त्यांचे जीव तरी स्वर्गात जावेत. तिने कुणाला विचारलं होतं का, आईबापांना ठाऊक होतं का, हे कुणी पुसत नव्हतं. पाणी पडलं की पोर चर्चचं. बाटलेलं पोर ज्यूच्या घरात वाढू द्यायचं नाही, असा कायदा.

रिक्काने अशी किंकाळी फोडली की नदीवरच्या पाणचक्कीतली माणसं बाहेर आली. ती गाडीच्या चाकाला लोंबकळली. व्हिताले अंमलदाराच्या पाया पडला. पेर्नाच्या तोंडून एवढंच आलं, "तिचं खाणं व्हायचंय अजून."

"तिकडे मिळेल," अंमलदार म्हणाला.

'तिकडे' म्हणजे टेकडीवरचं ते घर, जिथे बाटलेल्या ज्यूंना ठेवून ख्रिस्ती धर्म शिकवत. गेट्टोत त्याचं नाव कुणी घेत नसे. 'वरचं घर' म्हणत. त्या घराच्या आसपास ज्यू दिसला तर फटके मिळायचे. गेलेलं माणूस परत येत नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत.

म्हणून चाळीस दिवसांनी तीच गाडी पुन्हा आत आली तेव्हा कुणाचा डोळ्यांवर विश्वास बसेना. गेट्टोतल्या ज्यूंच्या पंचायतीने वकील दिला होता, चौकशी झाली होती, मेनिकाला दोनदा विचारलं होतं. गाडीतून कोलोम्बा उतरली. रिक्काने तिला अशी उचलली की दोघी चिखलात पडल्या. गल्ली नाचायला लागली.

पेर्ना जिना उतरून गाडीपाशी गेली. तिने आत डोकावून पाहिलं. मग गाडीच्या मागे जाऊन पाहिलं.

"एकच?" तिने शिपायाला विचारलं.

"एकच."

पंचायतीच्या म्हाताऱ्याने तिला बाजूला घेऊन समजावलं. दियामांतेच्या कपाळावर पाणी पडलं होतं, मेनिकाने शपथेवर सांगितलं. कोलोम्बाच्या डोक्यावर टोपी होती. पाणी लोकरीवरून ओघळलं, कातडीला लागलं की नाही ते सांगता येत नाही. टोपीचा बाप्तिस्मा धरत नाहीत.

रिक्का पोरीला घेऊन पेर्नाच्या गळ्यात पडली. "जाऊबाई! तुमच्या टोपीने वाचवली हो माझी पोर!" सगळ्या गल्लीसमोर, रडत, मनापासून म्हणाली.

"माझी नव्हती टोपी," पेर्ना म्हणाली. "दियामांतेची होती."

त्या दिवसापासून तिच्या पोटात जी आग पेटली ती विझायचं नाव घेईना. चूल एक असल्यामुळे डोळ्यांआड करायचीही सोय नव्हती. कोलोम्बाचा दात पडला की पेर्नाच्या मनात येई, दियामांतेचा गेल्या वर्षी पडला असेल, कुणी ठेवला असेल का? कोलोम्बाची वेणी कमरेला लागली, तर तिच्याहून चार बोटं लांब वेणी पेर्ना मनात घालायची. पोर खोकली की तिला क्षणभर बरं वाटायचं. मग त्या बरं वाटण्याची शरम वाटून ती मध चाटवायला खाली जायची, आणि रिक्का म्हणायची, "बघ गं, काकूचा किती जीव आहे तुझ्यावर!" यावर काय बोलणार?

साबातो तर बोलणंच विसरला होता. जुन्या कपड्यांची हाक घालत शहरभर फिरायचा आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसायचा. पेर्नाला हेव्याची वाटणी करायलाही माणूस नव्हतं.

तिच्या मुलीचं नाव आता मारिया फेलिचे होतं. एका सरदारणीने तिला धर्माची मुलगी म्हणून पदरात घेतलं होतं, राहायची मात्र ती वरच्या घरातच. ती सरदारीण पेर्नाने एकदाच पाहिली, एका सणाच्या मिरवणुकीत. पेर्ना ज्यू बायकांना सक्तीचं असलेलं डोक्यावरचं पिवळं फडकं सावरत खांबाआड उभी होती. पांढऱ्या झग्यातली दियामांते समोरून गेली. ती गुटगुटीत होती, गालांवर लाली होती. पेर्नाला वाटलं होतं, पोर खंगलेली दिसेल. चालता चालता मुलीला शिंक आली. सरदारणीने वाकून, स्वतःच्या रुमालाने तिचं नाक पुसलं, आणि मुलीने सवयीने तोंड वर करून पुसू दिलं. पेर्ना घरी आली ती दोन दिवस जेवली नाही. मुलगी नेली त्या दिवशीसुद्धा ती इतकी जळली नव्हती.

अशी सहा वर्षं गेली. दियामांते दहाची झाली, कोलोम्बा नवाची.

गेट्टोच्या दाराबाहेर मासळीबाजार भरतो. तिथे एका सकाळी पेर्नासमोर मेनिका उभी राहिली. ती जगली होती, पण चिपाडासारखी झाली होती, आणि खोकताना फडक्याला लाल डाग पडत होते. पेर्नाने तोंड फिरवलं. मेनिकाने तिची बाही धरली.

"बाई, मला शिव्या घाला, पण ऐका. मला झोप नाही लागत."

"मला लागते असं वाटतं तुला?"

"मी खोटं बोलले," मेनिका हलक्या आवाजात म्हणाली. "दोघींना सारखंच पाणी घातलं होतं. धाकटीची टोपी मी हाताने काढली, पाणी घातलं, पुन्हा घातली. चौकशीत मला आधी थोरलीचं विचारलं. मी सांगितलं, हो. मग बाहेरून कुणीतरी बाई ओरडताना ऐकू आली, आणि मनात आलं, एका घरातून दोन? मग धाकटीचं विचारलं, तर तोंडातून टोपीचं निघून गेलं."

"आधी कोलोम्बाचं विचारलं असतं तर?" पेर्नाने विचारलं.

मेनिकाने तिची बाही सोडली. 

पेर्ना मासे न घेताच घरी आली. बाहेर ओरडणारी बाई कोण, हे तिला सांगायला नको होतं. रिक्का त्या दिवसांत रोज चौकशीच्या कचेरीबाहेर जाऊन गळा काढायची. पेर्ना घरी बसून टाके घालायची, कारण आपली दुःखं चव्हाट्यावर मांडू नयेत असं तिच्या आईने तिला शिकवलं होतं. त्या शिकवणीची ही किंमत!

तीन दिवस तिने मुकाट्याने काढले. चौथ्या दिवशी चुलीपाशी रिक्का कोलोम्बाची वेणी घालत शेजारणीला सांगत होती, "देवाला कळतं गं, कुणाचं मूल कुणाच्या पदरात ठेवायचं ते." तिच्या मनात काही नव्हतं. रिक्काच्या मनात कधीच काही नसायचं. पेर्नाने हातातली पळी खाली ठेवली, पिवळं फडकं डोक्यावर घेतलं आणि ती गेट्टोबाहेर पडली.

ज्या पाद्र्याने मेनिकाचं बोलणं लिहून वर पाठवलं होतं, त्याचं देऊळ पुलापलीकडे होतं. नाव पाद्री गास्पारे. तो देवळामागच्या खोलीत घेवड्याचं सार पीत बसला होता. पेर्नाला त्याने ओळखलं.

"साबातोची बायको ना तू? ये. बाप्तिस्मा घ्यायला आलीस? तुझी मुलगी उद्याच भेटेल तुला."

"नाही."

"मग?"

पेर्ना उभी राहिली. एक वाक्य बोलायचं होतं. फक्त एक.

गास्पारेने चमचा खाली ठेवला. माणूस मूर्ख नव्हता. "तुमच्या घरात दुसरीही एक होती. टोपीवाली. तिच्याबद्दल काही आहे का? असलं तर सांग. चांगली बातमी आणणाऱ्याला आम्ही विसरत नाही. तुझी मुलगी रविवारी गाते. जाळीआडून ऐकायची सोय करता येईल."

पेर्नाच्या डोळ्यांपुढे सगळं लख्ख उभं राहिलं. गाडी येईल. रिक्का चाकाला लोंबकळेल. बघ म्हणावं आता, देवाला काय कळतं ते! मग गाडी टेकडी चढेल, आणि वरच्या घराच्या दारात दियामांते उभी असेल. ती कोलोम्बाचा हात धरून आत नेईल. दोघी एका खाटेवर निजतील, एका ताटात जेवतील. दियामांते झोपेत कुशीवर कशी वळते ते कोलोम्बाला रोज दिसेल. रिक्काच्या पोरीला! आणि इकडे खालच्या खोलीत रिक्का रडेल. असं रडेल, की साऱ्या गेट्टोचं काळीज फाटेल, सगळ्या बाया तिच्याभोवती गोळा होतील, आणि वरच्या खोलीत सहा वर्षं कोरड्या डोळ्यांनी बसलेली एक बाई आहे हे कुणाच्या ध्यानातही राहणार नाही. रिक्काने तिच्याकडून टोपी नेली होती. आता दुःखही नेईल, आणि तेही तिच्यापेक्षा जास्त शोभून दिसेल.

"मी विचारायला आले होते," पेर्ना म्हणाली, "देवळातली वस्त्रं रफूला टाकायची आहेत का."

 पाद्र्याने कसरीने खाल्लेली एक जरीची चादर तिच्या अंगावर टाकली.

ती चादर दुरुस्त करायला तिला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत तिच्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली : मेनिका मरणार. आणि मरताना ती पुन्हा पाद्र्याला बोलावणार. पहिल्यांदा मरणाच्या भीतीने खरं बोलली, तशी दुसऱ्यांदाही बोलणार.

रिक्काला सांगणं म्हणजे चौकात दवंडी पिटणं. पेर्नाने व्हितालेला गाठलं. दीर शांत माणूस. त्याने ऐकून घेतलं आणि तो जिन्यावर बसला.

"वहिनी, तुम्ही हे रिक्काला नाही सांगणार?"

"तिच्या तोंडात तीळ भिजतो का? पहाऱ्यावरच्या शिपायाला ऐकू जाईल. लिव्होर्नोला तिची मावशी आहे ना? माल आणायचा परवाना काढा आणि पोरीला घेऊन जा. तिथे पोपचं राज्य नाही."

"किती दिवसांसाठी?"

"कायमची ठेवून या."

व्हितालेने घरी सांगितलं, पोरीला मावशीआजी दाखवून आणतो. रिक्काने आनंदाने शिदोरी बांधली. सहा आठवड्यांनी तो एकटाच परत आला. कोलोम्बा तिथेच राहील, शिवण शिकेल, पुढे तिथेच उजवू, असं खालमानेने म्हणाला. कुणाच्या सांगण्यावरून, ते त्याच्या नजरेवरून रिक्काला कळलं. नजर जिन्याकडे गेली होती.

रिक्का धाडधाड वर आली.

"तुम्ही! तुम्हीच कान भरलेत! सहा वर्षं माझी पोर तुमच्या डोळ्यांत सलत होती, मला काय दिसत नव्हतं? आंधळी समजता मला? झालं ना आता समाधान? बसल्या ना दोघी रिकाम्या ओटीने?"

पेर्नाला पहिल्यांदाच कळलं, की रिक्काला टोमणे सगळे लागत होते. ती सुईत दोरा ओवत राहिली. तिला बोलता आलं असतं, पण खरं सांगायचं तर रिक्का बोलत होती ते खोटं नव्हतं. खालून कोलोम्बाचा आवाज येत नव्हता, आणि पेर्नाच्या पोटात, किती वर्षांनी, जरा गार वाटत होतं. पोर वाचली म्हणून, की रिक्काची कूस रिकामी झाली म्हणून, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

दोघींचं बोलणं तुटलं. चुलीपाशी एक आली की दुसरी उठायची. गेट्टोतल्या बायकांनी रिक्काची बाजू घेतली. "हेव्याने काळी झालीय ती पेर्ना," असं तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलायच्या.

मेनिका उन्हाळ्याच्या शेवटी गेली. पाच दिवसांनी गाडी आली, तसेच सहा शिपाई, अंमलदार मात्र नवा.

"कोलोम्बा, व्हितालेची मुलगी."

"ती इथे नाही," व्हिताले म्हणाला. "लिव्होर्नोला असते."

"बोलावून घे."

"ती माझ्या हातात नाही आता."

त्यांनी खाटांखाली पाहिलं, विहिरीत पाहिलं, पेर्नाच्या कापडांच्या ढिगात संगिनी खुपसल्या. शेवटी व्हितालेला बांधून घेऊन गेले. त्याला सात आठवडे कोठडीत ठेवलं. मग पंचायतीने हातापाया पडून सोडवला.

गाडी गेल्यावर रिक्का भिंतीला धरून उभी होती. ती ओरडली नाही. जिना चढून वर आली आणि पेर्नासमोर जमिनीवर बसली.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"कधीपासून?"

पेर्नाने सगळं सांगितलं. मेनिकाचं सांगितलं. पाद्र्याचंही सांगितलं, न गाळता, कारण अर्धवट रफू तिला जमत नसे. 

"तुम्ही त्याच्या दारात गेला होतात?"

"दारात नाही. आत."

"मग का नाही बोललात?"

"तू रडली असतीस," पेर्ना म्हणाली. "मला ते सोसलं नसतं."

 याचा अर्थ माया की आणखी काही, हे विचारावं असं रिक्काला वाटलं असेल. विचारलं नाही. ती म्हणाली, "चूल विझलीय. पेटवू?" आणि खाली गेली.

पुढच्या वर्षी व्हिताले आणि रिक्का चंबूगबाळं उचलून लिव्होर्नोला निघाले. जाताना रिक्काला घालायला जो झगा होता, त्याची बाही पेर्नाने रात्रंदिवस खपून बदलून दिली. हातांनी काम चालू होतं आणि मन कडू झालं होतं. रिक्काची मुलगी चार दिवसांच्या वाटेवर होती, आणि रिक्का तिच्याकडे जाऊ शकत होती. पेर्नाची मुलगी अर्ध्या तासाच्या वाटेवर होती. साबातो म्हणाला, आपणही जाऊया. पेर्ना म्हणाली, "आणि ती कधी रस्त्यात दिसली तर बघायला कोण असेल इथे?"

ती पुढे दोनदाच दिसली. एकदा मिरवणुकीत, उंच झालेली. एकदा गाडीत, शेजारी नवरा. दुसऱ्या वेळी तिची नजर पेर्नाच्या पिवळ्या फडक्यावरून, इतर पिवळ्या फडक्यांवरून जाते तशीच, पुढे सरकली.

लिव्होर्नोहून रिक्काची पत्रं यायची, कुणाकडून तरी लिहून घेतलेली, पण शब्द तिचेच, लांबलचक आणि मोठ्या आवाजातले. कोलोम्बाचं लग्न झालं. तिला मुलगा झाला. मुलगा चालायला लागला, शेजाऱ्याची कोंबडी पकडायला गेला आणि पडला. साबातो खिडकीपाशी उभा राहून वाचायचा. अर्ध्यावर आला की पेर्ना हात वर करायची.

"पुरे. तिचं कौतुक संपायचं नाही. ठेव तिकडे."

तो घडी करून पत्र फळीवर ठेवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी, सुई हातात घ्यायच्या आधी, पेर्ना विचारायची, "त्या पोराला लागलं का फार?"